निळ्या गाडीचं गिऱ्हाईक

कापूस वेचायला बायका लागल्या होत्या आणि घनश्याम शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसून गाठोडं बांधत होता, तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

“हॅलो काका, लास्ट किती?”

“कायचं लास्ट?”

“गाडीचं! फोटो पाह्यले. फायनल बोला, संध्याकाळी येतो.”

राँग नंबर असेल म्हणून घनश्यामनं फोन ठेवला. गाठ मारून होत नाही तोच दुसरा आला. टायर कधी टाकले म्हणून विचारत होता. तिसऱ्याला गाडी कुठं ठोकली-बिकली तर नाही ना, याची काळजी. शेवटी वैतागून त्यानं चाकणला मुलाला फोन लावला.

“अरे हो बाबा, सांगाचंच राह्यलं,” पिंटू म्हणाला. “आपली निळी गाडी विकाले टाकली मोबाइलवर. नंबर तुमचा देल्ला. गिऱ्हाईक आलं की तुम्ही फक्त दाखवा, भावाचं मी बोलीन. इथं सलोनीसाठी स्कूटी घ्याचं चाललं ना.”

पिंटू म्हणजे घनश्याम आणि लीलाबाईचा एकुलता एक मुलगा. पुसदला आयटीआय करता करता तो एका गॅरेजात कामाला होता, आणि तिथल्या कमाईतून त्यानं ही स्पोर्ट बाइक घेतली होती. निळीशार, पुढून टोकदार, मागून उंच. मागची सीट एवढीशी, की तिच्यावर मांजरानं बसावं. पुढं त्याला चाकणला कंपनीत नोकरी लागली, सलोनीशी लग्न झालं, आणि गाडी गावातच राहिली. महागाव तालुक्यातल्या त्या घराच्या अंगणात, गोठ्याला लागून, जुन्या ताडपत्रीखाली ती उभी असायची. रात्री तिच्या हँडलवर कोंबड्या बसायच्या आणि सकाळी लीलाबाई टाकी पुसता पुसता बडबडायची.

“ते काढा एकडावचं इथून,” ती म्हणाली. “अंगणात पाय ठेवाले जागा नाही.”

“काढतो ना. पण पिंट्या म्हणते, दोन दिवसाआड चालू करत जा, नाहीतर बॅटरी बसते. बंद गाडी कोण घेईन?”

घनश्यामनं पंचावन्नी ओलांडली होती. त्याच्याकडं स्वतःची एक जुनी मोटरसायकल होती. तिच्यावर त्यानं खताच्या बॅगा वाहिल्या होत्या, दुधाच्या कॅन वाहिल्या होत्या, एकदा तर बकरीही. ती चाळीसच्या वर कधी गेली नव्हती, आणि जावं असं त्यालाही कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी त्यानं ताडपत्री ओढली, निळ्या गाडीवर टांग टाकली आणि उजवा पाय हवेत फिरवत राहिला. किक काही सापडेना. पुन्हा चाकणला फोन.

“बाबा, हिले किक नसते. बटन दाबा.”

बटन दाबलं. गाडी अशी काही गुरगुरली की कोंबड्या फडफडत छपरावर गेल्या. घनश्यामनं दचकून बंद केली. मग इकडंतिकडं पाहून पुन्हा चालू केली.

पहिले दोन-तीनदा तो अंगणातच गाडी चालू करून उभा राहिला. मग वाटलं, जरा गावाच्या कमानीपर्यंत नेऊन पाहावी, तेवढंच चाकं फिरतील. कमानीपुढं डांबरी रस्ता, आणि रस्ता सरळ पुसदकडं जाणारा. दोन्ही बाजूंना फुललेली तूर. घनश्याम हँडलवर वाकला. वाकावंच लागत होतं, गाडी तशीच बनवली होती. त्यानं गिअर टाकला, दुसरा टाकला, तिसरा टाकला, आणि वाऱ्यानं त्याची टोपी उडवून मागच्या मागं तुरीत टाकली. टोपीसाठी थांबायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. पुढच्या वळणावर त्याच्या तोंडून “हुर्र्र!” असा आवाज निघाला. बैल हाकताना निघायचा तसा, पण त्याहून मोठा. रस्त्यावर कोणी नव्हतं हे बरं झालं.

टोपी शोधून तो घरी आला तेव्हा लीलाबाईनं विचारलं, “एवढा वेळ कुठी होते?”

“तेल टाकाले गेलतो.”

“तोंड काहून असं लाल झालं?”

“वारा होता.”

मग दोन दिवसाआडचं रोजचं झालं. बॅटरी बसायला नको, आज थंडी जास्त आहे, म्हणून. घनश्याम रोज दाढी करू लागला. लीलाबाईच्या शांपूच्या पुड्या कमी होऊ लागल्या आणि गाडीची टाकी आरशासारखी चमकू लागली. महागावच्या बाजारातून त्यानं एक काळं हेल्मेट आणलं आणि गुरांच्या ढेपेच्या पोत्यामागं लपवलं.

इकडं गिऱ्हाइकं येतच होती. आर्णीहून दोन पोट्टे आले. गाडीभोवती फिरले, फोटो काढले.

“घ्या, घ्या,” घनश्याम म्हणाला. “फक्त कमरीचं पाहून घेजा. म्या एकडाव चालवली तं दोन दिवस खाटेवरून उठता आलं नाही.”

पोट्टे एकमेकांकडं पाहत निघून गेले. उमरखेडच्या एका दुकानदाराला त्यानं सांगितलं, की कोंबड्यांनी आतल्या वायरी टोचल्या असाव्यात, नक्की सांगता येत नाही. महागावचा एकजण हट्टालाच पेटला, तेव्हा घनश्यामनं गाडी तेल किती पिते याचं असं वर्णन केलं, की तो चहासुद्धा न घेता उठला.

“गिऱ्हाईक काहून टिकत नाही, बाबा?” पिंटू फोनवर विचारायचा.

“काय मालूम बाप्पा. लोकायले आजकाल पारखच नाही.”

मग एका दुपारी पुसदहून धम्मरत्न आणि त्याची बायको दीपा आले. धम्मरत्न शाळेत मास्तर होता, दीपा एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. दोघं स्कूटीवर आले होते आणि स्कूटी दीपा चालवत होती. लीलाबाईनं त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं.

“सर, गाडी जरा दणकट हाये,” घनश्यामनं सुरुवात केली. “तुमच्या प्रकृतीले—”

“माझ्यासाठी नाही, काका,” धम्मरत्न हसत म्हणाला. “मले तर स्कूटीवर मागं बसाचीही भीती वाटते. हिच्यासाठी पाहून राह्यलो. कॉलेजपासून तिच्या मनात हाये.”

दीपा एव्हाना खाटेवरून उठली होती. ती गाडीशेजारी उकिडवी बसून चेन पाहत होती. मग टायर पाहिलं, ब्रेक दाबून पाहिला. घनश्यामनं कमरेचं सांगितलं, वायरीचं सांगितलं, तेलाचंही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “एक चक्कर मारून येऊ का, काका?”

नाही कसं म्हणणार? ती ओढणी कमरेला बांधून बसली आणि गेली. आवाज कमानीपर्यंत ऐकू आला, मग पातळ होत होत नाहीसा झाला. घनश्याम रस्त्याकडं मान लांब करून उभा राहिला. धम्मरत्न शाळेतल्या पोरांचं काहीतरी सांगत होता, पण घनश्यामचं लक्ष नव्हतं.

“चहा घ्या,” लीलाबाई म्हणाली. मग त्याच्याकडं नीट पाहून हळूच म्हणाली, “तुमचं तोंड काहून असं उतरलं? ते पोरगी काय पळून जाते का गाडी घेऊन?”

दीपा आली तेव्हा तिचे केस सुटले होते आणि चेहरा फुलला होता. “काका, तुम्ही सांगतलं त्यातलं एकही नाही हिच्यात,” ती म्हणाली. “लय जपली तुम्ही. चेनले कालच तेल देल्लं ना?”

घनश्यामला खोटंही बोलता येईना. तिथूनच धम्मरत्ननं पिंटूला फोन लावला. घासाघीस नाही, काही नाही, दोन मिनिटांत भाव ठरला. रविवारी पैसे घेऊन येतो म्हणाले आणि दोघं गेले.

ते दोन-तीन दिवस घनश्यामला जेवण गोड लागलं नाही. शेतात गेला की रस्ता दिसायचा, आणि रस्ता दिसला की त्या रस्त्यावर दीपा निळी गाडी घेऊन जाताना दिसायची. मुलगी चांगली होती, गाडी नीट ठेवणार होती. त्याचंच त्याला जास्त वाईट वाटत होतं. कोणी अडाणी पोट्टा असता तर त्याला हाकलता तरी आलं असतं.

शनिवारी सकाळी तो महागावच्या बँकेत गेला. मागल्या वर्षीच्या तुरीचे पैसे पडून होते, ते त्यानं काढले आणि पिंटूच्या खात्यावर टाकले. मग त्यानं तिघांना तीन गोष्टी सांगितल्या. बँकेबाहेर लिंबाखाली उभं राहून पिंटूला फोनवर सांगितलं, मास्तरनं पैसे दिले आणि गाडी नेली. धम्मरत्नला सांगितलं, पोट्ट्याचं मन बदललं, त्याच्या दोस्तालाच देतो म्हणते, माफ करजा. आणि घरी येऊन लीलाबाईला सांगितलं, मास्तरनं पैसे पाठवले, पण गाडी ते संक्रांतीनंतर नेणार. तोवर आपल्यालाच सांभाळावी लागते.

“पैसे आधी अन् गाडी मंग?” लीलाबाई म्हणाली. “लयच भला माणूस दिसते.”

“मास्तर हाये ना.”

असे पंधरा-वीस दिवस मोठ्या आनंदात गेले. मग लीलाबाईच्या भाचीचं लग्न निघालं आणि लुगड्याच्या खरेदीसाठी पुसदला जायचं ठरलं. नेमकी त्याच दिवशी जुनी मोटरसायकल पंक्चर निघाली.

“निळीवर जाऊ,” घनश्याम म्हणाला.

“त्याच्यावर? मी कुठी बसीन? त्या एवढ्याशा पाटावर?”

“पाय दोन्हीकडं टाकून बसा लागते.”

“बाप्पा! लोक काय म्हणतीन?”

पण जायचं तर होतंच. दोघं मागच्या गल्लीनं, गोठ्यांच्या आडून, कोणी पाहणार नाही असे निघाले. कमानीपर्यंत लीलाबाई लाकडासारखी ताठ. दोन्ही मुठीत नवऱ्याचा शर्ट, डोळे मिटलेले. डांबरी रस्ता लागला, उतार आला, आणि घनश्यामला मागून आवाज ऐकू आला. आधी वाटलं रडते. कान देऊन ऐकलं तर लीलाबाई हसत होती.

“अवो, हे तं उडतेच!” ती म्हणाली. “हळू काहून केली? जाऊ द्या ना!”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती अशी हसलेली त्याला आठवेना. पुसदच्या अलीकडं पेट्रोल पंपावर तो थांबला तेव्हाही ती हसतच होती, पदरानं डोळे पुसत. तेवढ्यात शेजारी एक स्कूटी येऊन उभी राहिली.

“काका?” दीपा म्हणाली. तिनं एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं. “हे तं तुमच्या पोराच्या दोस्ताले देल्ली होती ना?”

घनश्यामनं पेट्रोलच्या टाकीत असं काही डोकावून पाहिलं, की जणू उत्तर तिथंच तरंगत होतं.

“कोणता दोस्त?” लीलाबाई खाली उतरली. “बाई, हे तं तुमचीच गाडी ना? तुम्ही पैसे पाठवले, संक्रांतीनंतर नेणार होत्या?”

“आम्ही? नाही हो काकू. आमचा सौदा तं मोडला.”

पंपावरचा माणूस नळी हातात धरून ऐकत उभा राहिला. लीलाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, त्याच्या डोक्यावरच्या त्या काळ्या हेल्मेटकडं पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. तिनं लुगडं सारखं केलं आणि सरळ चालत पलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसली. दीपालाही कळलं असावं, कारण तिनं ओठ दाबून धरले होते आणि तिचे खांदे हलत होते.

घनश्याम गाडी ढकलत टपरीपाशी आला. हेल्मेट काढून पोरासारखा उभा राहिला.

“तुरीचे पैसे?” लीलाबाईनं विचारलं.

“हं.”

“सोताच सोताले विकली?”

“हं.”

“काहून?”

घनश्यामनं खूप विचार केला. मग म्हणाला, “चांगलं वाटते.”

चहा आला. लीलाबाईनं बशीत ओतला, फुंकर मारली. “तुम्ही आजपर्यंत एक चप्पल तरी आपल्या मनानं घेतली का? शर्ट म्या आणले, धोतर म्या आणले. कधी म्हटलं नाही, मले हे पाह्यजे म्हणून. मले गाडीचा राग नाही. मले सांगतलं नाही, त्याचा हाये.”

“मले वाटलं, तू हसशीन. या वयात असली गाडी.”

“हसीनच ना! हसाले कायले भेता?” आणि मघाचं उरलेलं हसू तिला पुन्हा आलं, इतकं की बशीतला चहा सांडला. घनश्यामलाही मग हसू आवरेना.

पण लीलाबाईनं त्याला तसंच सोडलं नाही. त्याच टपरीवर तिनं दीपाला बोलावून घेतलं आणि नवऱ्याला तिची माफी मागायला लावली. “पोरीचं मन मोडलं तुम्ही. तिले अशीच गाडी तुम्ही पाहून द्या. अन् पिंट्याचं मी पाहून घेईन.”

संक्रांतीला पिंटू आणि सलोनी गावी आले. गाडी विकली तर ती लवकर घेणाऱ्याच्या नावावर केलेली बरी, उद्या काही झालं तर आपल्यावर यायला नको, म्हणून पिंटू खास रजा टाकून आला होता. तो अंगणात शिरला आणि जागीच थांबला. गोठ्याजवळ, नव्या टिनाच्या छपराखाली निळी गाडी झळकत उभी होती.

“बाबा! हे तं मास्तरनं नेली होती ना?”

घनश्याम बैलाचं दावं उगाच सोडून पुन्हा बांधू लागला.

“मास्तरनं घेतलीच नाही,” लीलाबाई तिळगुळाचं ताट घेऊन बाहेर येत म्हणाली. “गाडी म्या घेतली.”

“तू?”

“मंग? तुह्या बापाले डायवर ठेवलं. कागद माह्या नावावर कर.”

आधी सलोनीला हसू फुटलं. ती ओट्यावर बसलीच. पिंटूला सगळं समजायला जरा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा त्याचा चेहरा ओशाळला. “बाबा, मले सांगतलं असतं तं मी तशीच देऊन टाकली असती. तुमच्याकडून कायले पैसे घेतले असते?”

घनश्यामनं दावं हातातून सोडलं आणि पहिल्यांदा सरळ त्याच्याकडं पाहिलं. “म्हणूनच नाही सांगतलं. घ्याची तं घ्याचीच होती मले. आपल्या पैशाची.”

पिंटू छपराखाली जाऊन गाडीभोवती एकदा फिरला. मग म्हणाला, “चालवून तं दाखवा.”

पोरगा बापाच्या मागं त्या एवढ्याशा सीटवर बसला. आजवर त्या गाडीवर तो कधी मागं बसला नव्हता. पाच मिनिटांनी ते परत आले तेव्हा पिंटूचे केस उभे होते आणि तो बापाच्या खांद्याला धरून ओरडत होता, “बाबा, हळू! बाबा, पुढं म्हशी हायेत!” म्हशी रस्ता सोडून आधीच धुऱ्यावर गेल्या होत्या. लीलाबाई दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती.

रजेचे उरलेले दिवस पिंटूनं कामी लावले. यवतमाळला जाऊन आरटीओतलं काम केलं. तिथल्या कारकुनानं नाव दोनदा विचारलं, आणि लीलाबाईनं दोन्ही वेळा मोठ्यानं सांगितलं. पुसदच्या जुन्या गॅरेजात जाऊन त्यानं ओळखीच्या लोकांना कामाला लावलं आणि दीपासाठी तशीच एक गाडी शोधली. रंग लाल. इंजिन खोलून स्वतः तपासली, क्लच बदलायला लावला, आणि तिनं चालवून पाहिल्यावरच सौदा केला. धम्मरत्न म्हणाला, आता आपल्या घरात शांतता संपली. पण म्हणताना तो खूश होता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दोन्ही गाड्या सहस्रकुंडाच्या धबधब्याला निघाल्या. पुढं दीपा आणि धम्मरत्न, मागं घनश्याम आणि लीलाबाई. लीलाबाईनं आता नवं हेल्मेट घेतलं होतं, निळंच, आणि मागच्या गल्लीनं जाणं केव्हाच सोडलं होतं. धबधब्याला पाणी थोडंच होतं, पण काळ्या खडकांवरून पडताना पैनगंगेचा आवाज भरपूर येत होता. त्यांनी खडकावर बसून भाकरी, झुणका आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. दीपानं सोबत गाजराचा हलवा आणला होता.

परतीला लीलाबाई म्हणाली, “सोनीबाईचं गाव रस्त्यातच लागते. पाच मिनिटं जाऊ.”

सोनीबाई म्हणजे तिची मोठी बहीण. गाड्या तिच्या दारात थांबल्या तेव्हा उन्हं कलली होती आणि सोनीबाई अंगणात तूर पाखडत होती. निळं हेल्मेट घातलेली बाई गाडीवरून उतरली, तशी ती सूप घेऊन दोन पावलं मागं सरकली.

“कोण पाह्यजे?”

लीलाबाईनं हेल्मेट काढलं.

“अगं माय!” सोनीबाई ओरडली. “लीले, तू? ह्या गाडीवर? कोणाची हाये?”

“माही.”

ओरडणं ऐकून शेजारपाजारच्या बायका गोळा झाल्या. कोणी टाकीवरून हात फिरवला, कोणी आरशात पाहिलं. लीलाबाई एकेकीला सांगत होती की किक नसते, बटन असतं, पाय दोन्हीकडं टाकून बसावं लागतं, आणि उतारावर डोळे मिटायचे नाहीत, नाहीतर सगळी मजा जाते. सोनीबाई सगळं ऐकत होती. मग तिनं सूप खाली ठेवलं, लुगड्याचा ओचा खोचला आणि बहिणीच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं.

“भाऊजी,” ती घनश्यामला म्हणाली, “चला, नदीपर्यंत.”

तिच्या मागं शेजारच्या बसंतीबाईनं नंबर लावला, बसंतीबाईमागं तिच्या सुनेनं. दीपानं लाल गाडी वळवली आणि दुसरी रांग तिच्यापाशी लागली. धम्मरत्न आणि लीलाबाई ओट्यावर चहा पीत बसले होते. घनश्याम नदीपर्यंत जायचा, यायचा, एक बाई उतरवायचा, दुसरी बसवायचा. रस्त्यावर धुरळा उडत होता, कोणीतरी “जोरात, भाऊजी, जोरात!” म्हणत होतं, आणि ओट्यावर ठेवलेला त्याचा चहा निवून गेला तरी त्याचं तिकडं लक्षच नव्हतं.